माणसं गेली कुठं?

आमच्या शेजारचं जोडपं मेक्सिकोला जाऊन आलं, तेव्हापासून आमच्या मजल्यावर 'माया' या शब्दाला नवा अर्थ आला आहे. आजवर माया म्हणजे एक तर आईची, नाहीतर शंकराचार्यांची. फार तर वर्तमानपत्रात धाडीच्या बातमीत येते ती, कपाटात दडवलेली. आता ही चौथी माया. परतल्यावर चारच दिवसांत आम्हां सगळ्यांना चिवडा-कॉफीचं बोलावणं आलं आणि भिंतीवरच्या भल्यामोठ्या टीव्हीवर चिचेन इत्साचा तो प्रसिद्ध मनोरा आम्ही चारी बाजूंनी पाहिला. चारी बाजूंनी म्हणजे अक्षरशः. प्रत्येक बाजूला ९१ पायऱ्या, चोहोंच्या मिळून ३६४, आणि माथ्यावरच्या देवळाची एक धरून वर्षाचे ३६५ दिवस. दिवसरात्र समान असतात त्या सुमारास उन्हं कलली की कठड्यावर अशी सावली पडते की जणू एखादा साप सरपटत खाली उतरतोय! लोकांना आता वर चढू देत नाहीत, हे शेजाऱ्यांनी सांगितलं तेव्हा गुडघेदुखीनं बेजार झालेल्या त्यांच्या मंडळींच्या चेहऱ्यावर समाधान मला स्पष्ट दिसलं.

"आणि मग ही सगळी शहरं एके काळी जंगलात गडप झाली!" शेजारी नाटकी आवाजात म्हणाले.

"मग ती माणसं गेली कुठं?" आमच्या भाचीनं विचारलं. ती सातवीत आहे, आणि त्या वयात प्रश्न विचारताना समोरच्याची अडचण पाहायची नसते.

"तेच तर गूढ आहे!" शेजारी म्हणाले आणि चिवड्याची बशी पुढं सरकवत सहज पुस्ती जोडली, "आमचा गाइड मायाच होता. घरी मायाच बोलतात म्हणे."

मंडळी, मी चिवडा खाता खाता थांबलो. माणसं गेली कुठं याचं उत्तर त्यांच्या बसमध्ये पुढच्या सीटवर बसून माइकवर बोलत होतं, आणि तरी गूढ कायम! खरी हकिकत अशी, की मायांची दक्षिणेकडली मोठमोठी नगरं नवव्या शतकात ओस पडू लागली. लढाया झाल्या, राजांवरचा विश्वास उडाला, लागोपाठ दुष्काळ पडले. राजे गेले, दरबार गेले. मका पिकवणारी माणसं काही एकजात नाहीशी झाली नाहीत. त्यांचे वंशज आजही लाखोंनी तिथंच आहेत. १८३९ मध्ये स्टीफन्स नावाचा अमेरिकन प्रवासी कॅथरवुड या चित्रकाराला घेऊन त्या रानात शिरला आणि कोपानचं अख्खं उजाड नगर त्यानं ५० डॉलरला विकत घेतलं. विकणाऱ्याला हा गृहस्थ खुळा वाटला, असं त्या भल्या माणसानं स्वतःच लिहून ठेवलं आहे. जगाला 'शोध' लागला तो असा. विकणाऱ्याला ते दगड ठाऊकच होते.

घरी आल्यावर सौ. म्हणाली, "मेक्सिकोचं तिकीट आपल्या सात पिढ्यांना परवडायचं नाही. पण जुने दगडच पाहायचे असतील तर कऱ्हाडला माझी मावशी आहे."

आणि अशा रीतीनं ऐन दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात कोयना एक्सप्रेसमधून आमचं त्रिकूट कऱ्हाडला उतरलं. कऱ्हाडचं स्टेशन गावात नाही, ओगलेवाडीला आहे. होय, तेच ओगले! ज्यांच्या प्रभाकर कंदिलाच्या उजेडात आमच्या वडिलांच्या पिढीनं परीक्षा दिल्या. भाचीला मी हे मोठ्या अभिमानानं सांगितलं. तिनं विचारलं, "कंदील म्हणजे आकाशकंदील ना?" मी विषय बदलला.

कऱ्हाडात पहिला दिवस मावशींच्या स्वाधीन होता. सकाळी प्रीतिसंगम. कृष्णा आणि कोयना इथं समोरासमोर येऊन भिडतात. दोन नद्यांनी अशी आमनेसामने गळाभेट घ्यावी आणि मग काटकोनात वळून एकत्र चालू लागावं, हे दृश्य विरळाच. काठावर यशवंतराव चव्हाणांची समाधी आहे. नंतर जुन्या किल्ल्याच्या जागेवरची नकट्या रावळ्याची विहीर पाहिली. तिचा खोल उतरणारा दगडी जिना पाहून मला पुन्हा शेजाऱ्यांचा मेक्सिको आठवला. कारण चिचेन इत्सा या नावाचा अर्थच मुळी 'इत्सांच्या विहिरीचं तोंड' असा आहे. दुपारी जेवणावर मावशींनी जावईबापूंना इतका आग्रह केला, की संध्याकाळचा कार्यक्रम आपोआप रद्द झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे मोटार आली. ड्रायव्हर पन्नाशीतला, पांढरी टोपी, बोलणं मोजकं. आम्ही त्यांना काका म्हणू लागलो.

आगाशिवाचा डोंगर कऱ्हाडपासून दोनचार मैलांवर, जखीणवाडी गावाच्या माथ्यावर उभा आहे. जखीण म्हणजे यक्षिणी. एरवी आपण ती लहान मुलांना भिवविण्यापुरती वापरतो. शिखरावर आगाशिवाचं देऊळ आहे आणि डोंगराच्या कमरेला तीन गटांत मिळून ६४ लेणी आहेत. जखीणवाडीकडच्या अंगाला तेवीस, पुढच्या सोंडेवर एकोणीस, आणि कोयनेच्या खोऱ्याकडे तोंड करून बावीस. बौद्ध भिक्षूंची ही लेणी साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. मुंबईचा पुढं गव्हर्नर झालेला बार्टल फ्रिअर साताऱ्याला कमिशनर होता, तेव्हा गेल्याच्या आधीच्या शतकाच्या मध्यावर त्यानं या लेण्यांची माहिती छापून आणली. म्हणजे तिकडे स्टीफन्सचा मेक्सिको आणि इकडे फ्रिअरचा आगाशिव, दोन्ही एकाच दशकातले. आणि इथंही गंमत तीच. साहेबाला वाट दाखवणारा कोणी तरी जखीणवाडीकर असणारच!

वाट चढणीची आहे. पाऊस नुकताच सरलेला, गुडघाभर गवत आणि त्यात पिवळीधमक सोनकी. सौ. दर वीस पावलांवर 'फुलं बघायला' थांबत होती. फुलं बघताना इतका दम लागतो हे मला ठाऊक नव्हतं.

अजिंठ्याची सवय झालेल्या माणसानं इथं येताना डोळे थोडे धुऊन यावेत. इथं रंगीत भिंती नाहीत, पद्मपाणी नाही, कोरीव खांबांच्या रांगा नाहीत. खडक भरड आहे, नक्षी धरणारा नाही. आणि काळ इतका जुना, की बुद्धाची मूर्ती घडवण्याची चाल तेव्हा पडलेली नव्हती. मग आहे काय? खोल्या आहेत. दगडात खोदलेल्या, एका माणसापुरत्या, ठेंगण्या दाराच्या खोल्या. मध्ये चौक, आत निजायला दगडी ओटा. ज्यांनी गिरगावातली चाळ पाहिली आहे त्यांना नवखं वाटायचं कारण नाही. भाची एका ओट्यावर आडवी झाली, पाय भिंतीला लागले. "काका, हा भिक्षू माझ्याएवढाच होता!" तिनं आतून जाहीर केलं. बाहेर पाण्याची टाकी खोदलेली. पावसाळ्यातलं पाणी उन्हाळ्याला पुरवायचं, हा व्यवहार साधुसंतांनाही सुटलेला नाही.

पाचव्या क्रमांकाचं लेणं मात्र थांबून बघावं. हे चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेची जागा. दर्शनी अंगाला दोन अर्धस्तंभ आहेत. एकावर धर्मचक्र, दुसऱ्यावर सिंह, आणि आत स्तूप. एवढंच. पण बाहेरच्या उन्हातून आत पाऊल टाकलं आणि डोळे अंधाराला सरावले, की तो गुळगुळीत गोल घुमट हळूहळू आकार घेऊ लागतो. आमची भाचीसुद्धा अर्धा मिनिट गप्प राहिली. तिच्या बाबतीत हा मोठा काळ आहे.

गप्प राहिली, आणि मग म्हणाली, "इथं कुणीतरी पेंटनं नाव लिहिलंय."

लिहिलं होतं. एक नाही, पुष्कळ. बदाम, बदामात बाण, दोन्ही टोकांना नावं, खाली तारीख. आपल्या देशात प्रेमाला भिंतीशिवाय आधार नसावा! सौ. संतापली. मलाही राग आला, पण रागापेक्षा जास्त वाईट एका गोष्टीचं वाटलं. याच डोंगरावर एका लेण्यात ब्राह्मी लिपीत दोन हजार वर्षांपूर्वीचा त्रोटक लेख आहे. त्यात एवढंच म्हटलं आहे, की हे लेणं गोपालाचा मुलगा संघमित्र याचं धर्मदान आहे. त्यानंही नावच लिहिलं की! स्वतःचं आणि बापाचं. पण आधी डोंगर फोडून कुणाला तरी राहायला खोली करून दिली, मग नाव लिहिलं. तेही असं जेमतेम, की काळाच्या ओघात ते झिजून आता शोधून काढावं लागतं. आणि पेंटचा हा बाण शंभर पावलांवरून दिसतो.

सावलीत बसून दशम्या खाताना मी भाचीला त्या काळच्या कऱ्हाडकरांची हकिकत सांगितली. कऱ्हाडचं तेव्हाचं नाव करहाकड किंवा करहकट. राजपुरीच्या खाडीजवळ कोकणात कुडा नावाचं गाव आहे. तिथंही अशीच लेणी आहेत. त्यातलं एक महिक नावाच्या माणसानं दान दिलं. तो स्वतःची ओळख करून देतो ती अशी, की मी करहाकडचा लोखंडाचा व्यापारी.

"म्हंजी लोखंडवाला!" ड्रायव्हरकाका इतका वेळ गप्प बसून ऐकत होते, ते एकदम खुलले. "घाट उतरून माल घिऊन जात आसंल. आनि तितंच खोली बांधली व्हय?"

तिथंच बांधली. आणि त्याहून लांबची गोष्ट पुढं आहे. मध्य प्रदेशात सतन्याजवळ भारहूत म्हणून ठिकाण आहे. तिथल्या इसवी सनापूर्वीच्या स्तूपाचा दगडी कठडा कलकत्त्याच्या संग्रहालयात मांडून ठेवला आहे. त्यावर गावोगावच्या देणगीदारांची नावं कोरलेली आहेत, आणि त्यांत 'करहकट निगमाचं दान' अशी नोंद आहे. निगम म्हणजे व्यापारी पेठ. ना आगगाडी, ना मोटार. कऱ्हाडच्या पेठेनं वर्गणी गोळा करून ती विंध्य ओलांडून कुठल्या कुठं पोचती केली! शेजारी मेक्सिकोला गेले त्याचं कौतुक आहेच. पण एवढं ऐकल्यावर मला ते जरा कमी वाटू लागलं, हे खाजगीत सांगतो.

तेवढ्यात एक म्हातारी शेरडं हाकत वर आली. आमच्याकडे पाहून थबकली.

"कुठनं आला म्हनायचं?"

"मुंबईहून, आजी. लेणी बघायला."

"काय बघायचं त्यात? पांडवांनी एका रातीत खनली. कोंबडा आरवला, ऱ्हायलं तसंच." मग क्षणभर थांबून, "पावसानं गाठलं की शेरडं बांधायला बरी हायती."

"आजी, तुम्ही इथल्याच?" भाचीनं विचारलं.

"हितलीच की. जायाचं कुठं?"

आजीबाईंनी भाचीच्या हातावर दोन सीताफळं ठेवली. आम्ही दशमी दिली. ती त्यांनी निरखून पाहिली, 'गूळ कमी हाय' असा निवाडा दिला आणि शेरडांमागं निघून गेल्या.

डोंगराला वळसा घालून आम्ही उत्तरेच्या अंगाला आलो. खाली कोयनेचं खोरं पसरलेलं, उसाचे हिरवे चौकोन, मधून नदी. काका कडेला उभे राहून पश्चिमेकडे पाहत होते. मग हात वर करून म्हणाले, "तिकडं, लांब, त्या डोंगरांच्या पल्याड आमचं गाव हुतं."

होतं?

"धरनात गेलं."

कोयना धरणाचं काम १९५६ मध्ये सुरू झालं आणि १९६४ पर्यंत धरण उभं राहिलं. आपल्या मुंबईतल्या घरात दिवा लागला त्यात कोयनेच्या विजेचाही वाटा होता. कोयना म्हटलं की आपल्याला तो दिवा दिसतो, क्वचित ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप आठवतो. काकांचे वडील तेव्हा पोरसवदा होते. जावळीच्या दाट झाडीतून, भात-नाचणीच्या मुलखातून उठून गावची माणसं पांगली. कोणी ठाण्याला, कोणी रायगडाकडे, कोणी सोलापूर जिल्ह्यात, आणि काकांच्या घरचे सांगलीच्या दुष्काळी पट्ट्यात. "आज्याला पावसाची सवय. हितं येऊन बघतोय तर रानात कुसळं," काका म्हणाले. "म्हातारा मरूस्तवर म्हनायचा, द्येवानं पानी दिलं ते सगळं एकाच जागी." त्यांचा स्वर तक्रारीचा नव्हता. रस्ता सांगावा तसं ते सांगत होते. भाचीनं यावेळी काही विचारलं नाही.

त्यानंतर आम्ही कृष्णेच्या काठाकाठानं सांगली जिल्ह्याकडे निघालो. जिल्हा बदलला हे पाटीवरून कळतं, एरवी नाही. माणसं तीच, भाषा तीच. सांगली जिल्हा १९६० पर्यंत 'दक्षिण सातारा'च होता, आणि त्याच्याही आधी दोन्ही मिळून एकच सातारा. शेणोली स्टेशन लागलं. १९४३ च्या जूनमध्ये प्रतिसरकारच्या तुफान सेनेनं पगाराची गाडी लुटली ती इथंच. पुढं कुंडल. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या चळवळीचं हे ठाणं. आणि त्याच्याही आधीपासून जैनांचं तीर्थ. डोंगरावर झरी पार्श्वनाथाची गुहा आहे. पाणी झिरपतं म्हणून झरी. खाली हाकेच्या अंतरावर किर्लोस्करवाडी, जिथं १९१० साली माळरानावर लक्ष्मणरावांनी कारखाना काढला आणि पुढं जिथून 'किर्लोस्कर' आणि 'स्त्री' महाराष्ट्रभर घरोघर जाऊ लागले. सौ.नं माझ्या सासूबाईंच्या ट्रंकेतल्या 'स्त्री'च्या अंकांची आठवण काढली. कुंडलला ऊन फार होतं. आम्ही उसाचा रस प्यालो आणि मागं वळून सागरेश्वर गाठलं.

सागरेश्वर देवराष्ट्रे गावाजवळ आहे. देवराष्ट्रे हे यशवंतरावांचं जन्मगाव. कालच ज्यांच्या समाधीपाशी उभे होतो त्यांच्या पाळण्यापाशी आज आलो. इथं एक मोठं शिवालय आहे आणि भोवती ५१ लहान देवळांचा पसारा. चालुक्यांच्या काळातला म्हणतात. ठेंगणी, दगडी, शेवाळलेली देवळं. एकात वाकून पाहिलं की पिंड, दुसऱ्यात वाकून पाहिलं की पिंड; दहाव्या देवळानंतर सौ.नं कंबर धरली आणि बाकीच्या एक्केचाळीस शंकरांना चौकातूनच एकदम नमस्कार घातला. पण कितीतरी पिंडींवर बेलाची ताजी पानं होती. रोज सकाळी कोणीतरी इतक्या ठिकाणी वाकतं!

देवळांपेक्षा मला तिथलं रान जास्त वेळ धरून राहिलं. मायांची देवळं जंगलानं गिळली. इथं उलटं झालं. देवळं होती आणि डोंगर उघडाबोडका होता. वृक्षमित्र धों. म. मोहिते यांनी ध्यास घेतला, माणसं जमवली, या दुष्काळी डोंगरावर झाडं लावली, जगवली, मग हरणं आणून सोडली. १९८५ मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम अकरा चौरस किलोमीटर. पण माणसानं हातानं लावलेलं. आज तिथं चितळ, सांबर आणि काळवीट आहेत. त्याच डोंगराच्या कड्यात अर्धवट खोदलेलं कमळभैरवाचं देऊळ आहे. तिथं जाताना झाडीत काहीतरी सळसळलं. भाची म्हणाली हरीण, मी म्हणालो वारा. तिच्या वहीत हरीण म्हणून नोंद आहे.

कलत्या उन्हात घाट उतरून ताकारीकडे येताना काकांनी एका कालव्याच्या पुलाशी गाडी थांबवली. ताकारी योजनेचं पाणी. खाली कृष्णेतून पंपांनी उचलायचं आणि टप्प्याटप्प्यानं चढवून पलीकडच्या कोरड्या गावांना द्यायचं. काका काठाला उतरले, बाटली भरून घेतली, आणि बॉनेट उघडून काच धुवायच्या टाकीत ओतली.

"ह्यातलं थोडं आमच्या गावावरनं आलंय," ते म्हणाले. "कोयनंचं लई पानी बोगद्यातनं कोकनात जातं विजेपायी. ऱ्हायलेलं नदीत सोडत्यात, ते कऱ्हाडला किस्नंला मिळतं, तितनं हितं. धा वर्सं झाली, आमच्या रानात ऊस हाय ह्याच पान्यावर."

"म्हणजे तुमचं गाव खाली आहे अजून? पाण्याखाली?" भाचीनं विचारलं.

"हाय की. मे म्हैन्यात पानी उतारलं की द्येवळाचा चौथरा उघडा पडतो. माजी आत्या अजून नारळ घिऊन जाती, बामणोलीवरनं लाँचनं. यायचं आसंल तर सांगा, न्हेतो."

भाचीनं वही काढली आणि मांडीवर धरून लिहिलं, मे, परीक्षेनंतर, लाँच. मग विचारलं, "नारळ आम्ही आणायचा का?"

"नारळ तितं मिळत न्हाई," काका गाडीचं दार ओढत म्हणाले. "आना."